पिंपळगावच्या ब्राझीलचं शेवटचं प्रकरण

गोपिकाबाई मैदानावर पोचली तेव्हा सकाळचे साडेसहा वाजले होते, आणि श्रीपती सर गोलमध्ये पडलेले होते.

तिला आधी वाटलं, जाळीत मेंढरू अडकलंय. जवळ गेल्यावर पांढरा लेंगा दिसला. जाळीचे तीन वेढे अंगाभोवती बसले होते. एक हात जाळीच्या भोकातून बाहेर आला होता. डोक्याची उजवी बाजू जागेवरच नव्हती. शेजारी पहार पडली होती आणि तिला केस चिकटले होते.

ती ओरडली नाही. अठ्ठावीस वर्षांपूर्वी याच मैदानावर तिनं आपल्या नवऱ्याचं डोकं अशाच अवस्थेत मांडीवर घेतलं होतं. तेव्हा ती बावीस वर्षांची होती आणि जेवढं ओरडायचं तेवढं ओरडून झालं होतं.

"सात वाजता मैदानावर ये," सरांनी काल तिला सांगितलं होतं. "भुजंगला कुणी मारलं ते तुला कळायलाच पाहिजे. पुस्तक यायच्या आधी." त्या एका नावासाठी तिच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता. म्हणून ती अर्धा तास आधी आली. आणि आता नाव सांगणाराच मेला होता.

तिनं पोलिसांना फोन केला.

सहायक निरीक्षक सुरुची वैद्य सव्वासातला जीपमधून उतरल्या. कुंभार पिंपळगावात बदली होऊन त्यांना चार महिने झाले होते. त्यांच्या आधी पोचलेल्या हवालदार रखमाजींनी गर्दी मैदानाच्या राखाडी रेषेबाहेर थोपवून धरली होती. सुरुची आत निघाल्या आणि थबकल्या. रखमाजी वाकून बुटाची नाडी सोडत होते.

"हवालदार, इथे पूजा आहे का?"

"ब्राझीलचं मैदान हाय, मॅडम," रखमाजी ओशाळून म्हणाले. "माझा भाऊ ब्याकला खेळायचा. क्लबवाला माणूस इथं पायताण घालून रेषेच्या आत येत न्हाई. बाकीच्यांला कोण इचारतंय! सवयीनं हात गेला."

"भाऊ कुठे असतो?"

"वारला. करोनात."

"मग बूट राहू द्या पायात आणि माझ्या मागून या. जिथे मी पाय टाकीन तिथेच."

सोमवारच्या सामन्यासाठी शनिवारी संध्याकाळी टँकरनं पाणी मारलं होतं. काळी माती ओली होती आणि तिनं सगळं टिपून ठेवलं होतं. खिळे ठोकलेल्या वहाणांचे ठसे मेंढरांच्या खुरांसोबत मैदान सरळ ओलांडून नाल्याकडे गेले होते, गोलपासून बरेच लांबून. अनवाणी ठसे तीन माणसांचे होते. एक सरांचे. एक छोटे, गोपिकाबाईचे. तिसरे मोठे, पश्चिमेच्या रेषेपासून गोलपर्यंत आणि परत. परतीच्या वाटेवर डाव्या पावलाच्या कडेला रक्त होतं. दर पावलाला, बारीक पण नक्की.

ते ठसे रेषेवर संपले. रेषेबाहेर बुटांचे दोन ठसे होते, शेजारी शेजारी, टाचा जुळवून. देवळाबाहेर माणूस बूट काढून ठेवतो तसे.

गोलजवळ राखेचं घमेलं आणि रेषेवरचं गवत काढायचं खुरपं पडलं होतं. खुरप्याच्या टोकाला रक्त होतं. सरांच्या अंगावर कापल्याची जखम एकही नव्हती.

एवढ्यात गर्दी दुभंगली. पांढरेशुभ्र स्पोर्ट्स शूज घातलेला एक आडदांड माणूस रेषा ओलांडून ताडताड गोलकडे निघाला. "सर! अहो सर! कुणी केलं हे?"

"मागे व्हा!" सुरुची ओरडल्या. तोवर तो पश्चिमेच्या अर्ध्या ठशांवरून चालून गेला होता.

"कॅप्टन हाय, मॅडम," रखमाजी कुजबुजले. "धर्मराज. जिनिंगचे मालक. ब्राझीलचे शेवटचे कॅप्टन. उद्याचा सगळा कार्यक्रम यांचाच."

धर्मराज माघारी फिरला. डोळे पुसत गर्दीकडे वळून म्हणाला, "जाळी कुणाची हाय बघा! राधाकिसनची वाघूर हाय ही. परवा त्यानं साऱ्या गावादेखत सरांला दम दिल्ता."

गर्दीत कुजबुज सुरू झाली. वाघूर म्हणजे मेंढरं कोंडायची दोरीची जाळी. ती गावात एकाकडेच होती.

रेषेबाहेर चष्मा लावलेला एक गृहस्थ बूट हातात धरून अनवाणी उभा होता. मोजे बुटात नीट खोचलेले. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. सुरुचींनी उरलेल्या ठशांवर घमेलं पालथं घातलं, फोटोग्राफरला बोलावलं आणि तिथून हलल्या.

सरांच्या घरी सुहासिनीबाई ओट्यावर ताठ बसल्या होत्या. रडून झालं होतं की अजून सुरू व्हायचं होतं, ते कळत नव्हतं.

"पाच वाजता गेले. रेषा मारायच्या होत्या. दुसऱ्या कुणाच्या हातची रेषा त्यांना सरळ वाटायची नाही."

"हातात काय होतं?"

"शबनम पिशवी. तिच्यात क्लबच्या पुस्तकाची वही."

पिशवी प्रेताजवळ मिळाली होती. वहीसुद्धा. शेवटची वीसेक पानं फाडून नेलेली होती. उरलेल्या पानांवर गणिताच्या मास्तरच्या अक्षरात एका मेलेल्या क्लबचा इतिहास होता, आणि सुरुचींनी तो उभ्या उभ्या चाळला.

१९७४ साली शाळेच्या ड्रिल मास्तरांनी नवजवान फुटबॉल क्लब काढला. बनियनी हळदीत बुडवून पिवळ्या केल्या. बूट कुणाकडे नव्हते. तालुक्याची पोरं हसली, तेव्हा मास्तर म्हणाले, ब्राझीलची पोरं रस्त्यावर अनवाणी खेळून जग जिंकतात, तुमच्या पायाला काय धाड भरलीय? त्या दिवसापासून क्लबचं नाव ब्राझील पडलं आणि अनवाणी पाय ही गरज न राहता व्रत झालं. चुन्याची फक्की तळपायाला भाजते, म्हणून रेषा कुंभारांच्या आव्यातल्या राखेनं मारायच्या. जाळीला राधाकिसनची वाघूर. जालना, परभणी, अंबड, सगळीकडे ब्राझील खेळलं. बावीस वर्षं. १९९६ साली मंठ्याशी सामना झाला आणि भुजंग मेला. पुढचं पान फाटलेलं.

"शेवटच्या प्रकरणात काय होतं?"

"मला वाचू दिलं नाही. महिनाभर राधाकिसनच्या पालावर जात होते, तेव्हा कुठे लिहून झालं." सुहासिनीबाईंनी पदर घट्ट धरला. "परवा एवढंच म्हणाले, 'मी त्याला स्वतःहून सांगायची संधी दिलीय. माणसानं स्वतःच्या तोंडानं कबूल केलं तर शिक्षा अर्धी होते.' मी म्हटलं, अहो, वर्गातल्या पोरांना लावायचा नियम आहे तो."

"'त्याला' म्हणजे कोणाला?"

"विचारलं असतं तर आज बरं झालं असतं."

त्यांनी मोबाईलवर सरांचा शेवटचा फोटो दाखवला. शनिवार संध्याकाळ. सर आणि धर्मराज टँकरजवळ, पँटी गुडघ्यापर्यंत दुमडलेल्या, चारही पाय चिखलात, दोघं हसताहेत. क्लबच्या ग्रुपवर धर्मराजनंच टाकला होता.

"घरी आणखी कोण होतं?"

"निखिल. क्लबचा सेंटर फॉरवर्ड होता. आता पुण्याला विमा कंपनीत आहे. कार्यक्रमासाठी आला. पावणेसहाला तोही फिरायला बाहेर पडला."

सुरुची पुढचं विचारणार तोच रखमाजींचा फोन वाजला. त्यांनी ऐकलं आणि त्यांचा चेहरा उतरला. "मॅडम, जल्दी चला. नाल्यावर लोक गेलेत."

जमावाला डोकं नसतं असं म्हणतात. ते खोटं आहे. जमावाला डोकी पुष्कळ असतात, वापरत कुणी नाही एवढंच. जीप पोचली तेव्हा राधाकिसनचं पाल जळत होतं. दोन कुत्री ठेचून मारून टाकलेली होती. पाचसहा मेंढ्यांच्या पोटात कुऱ्हाडी बसल्या होत्या आणि त्यातली एक अजून पाय झाडत होती. राधाकिसनला बाभळीला बांधलं होतं. पटका सुटलेला, तोंड रक्तानं भरलेलं. चौघं आळीपाळीनं काठ्या घालत होते आणि एकजण पेट्रोलची बाटली घेऊन पुढे सरकत होता.

"सरांला मारतो काय रे! जाळा याला!"

सुरुचींनी पिस्तूल काढून हवेत गोळी झाडली. सगळे थिजले. एक दगड मात्र आधीच सुटला होता. तो रखमाजींच्या भुवईवर बसला आणि त्यांचं तोंड लाल झालं.

"पुढची गोळी हवेत जाणार नाही," सुरुची म्हणाल्या. "बाटली खाली ठेव."

बाटली खाली आली. राधाकिसनला जीपमध्ये घालताना त्याच्या छातीतून कडकड आवाज आला. जमावातलं कुणीतरी म्हणत होतं की उद्या सुटू द्या त्याला, मग बघू. खुनी सापडेपर्यंत हा माणूस जिवंत राहील याची खात्री कुणालाच नव्हती. आणि भुजंगच्या खुन्याचं नाव आता या एकाच तोंडात उरलं होतं.

दवाखान्यात नर्स राधाकिसनचं अंग पुसत होती. खिळ्यांच्या जड वहाणा तिनं काढून कोपऱ्यात ठेवल्या. सुरुचींनी आधी त्याची पावलं पाहिली. दगडासारखे तळवे, बोट जाईल एवढ्या भेगा. ताजी जखम एकही नव्हती.

"काल मैदानातून गेलात?"

"सांजच्याला. मेंढरं घिऊन."

"वहाणा घालून? तुम्ही तर गोलकीपर."

"शहाण्णवपास्नं काढत न्हाई. मैदान म्हन्लं तर काढायच्या. माझ्यासाठी ते गायरान हाय आता."

"मग वाघूर का दिलीत?"

"सर मागाय आल्ते. त्यांला न्हाई कसं म्हनू?"

"त्याच सरांना तुम्ही गावादेखत म्हणालात, पुस्तक छापलं तर जाळून टाकीन."

"म्हन्लो."

"का?"

राधाकिसननं भिंतीकडे तोंड केलं.

"सरांनी शेवटच्या प्रकरणात जे लिहिलं ते तुम्हीच सांगितलं होतं. बरोबर?"

"मॅडम, घरात पाच तोंडं हायेत. पाल जळालं, कुत्री मेली. अजून काय काय जाळून घिऊ?"

एवढं बोलून त्यानं डोळे मिटले. सुरुचींना त्याचा राग आला आणि लगेच त्या रागाची लाजही वाटली. दारात त्यांनी शिपाई बसवला.

ठाण्यात करण वाट पाहत होता. वय तिशीचं, प्लॉटिंगचा धंदा, बोटात तीन अंगठ्या. मैदानाच्या जागेवरून त्याचं आणि सरांचं दोनदा वाजलं होतं.

"मी कशाला मारू, मॅडम? म्हातारा वर्ष-दोन वर्षांत तसाबी..."

"जपून बोला."

"सॉरी. पन मी बिलकुल तिथं गेलो न्हाई."

"मैदानात जाताना बूट काढता?"

करण बघतच राहिला. "बूट? कशाला? मोजणीला गेल्तो तवा गाडीच आत घातली व्हती."

सुरुचींनी त्याला घरी पाठवलं. रखमाजी भुवईवरची पट्टी चाचपत म्हणाले, "सोडलं?"

"खून करायला निघालेला माणूस चपला काढून ठेवतो का, हवालदार? पळायचं असतं त्याला. तरी याने काढल्या, आणि टाचा जुळवून ठेवल्या. त्याला स्वतःला कळलंसुद्धा नसेल. तुमचा हात जसा नाडीकडे गेला तसा त्याचा गेला."

रखमाजी हळूच म्हणाले, "म्हंजे क्लबवाला."

"किती उरलेत?"

"शेवटच्या अकरातले सर धरून चार."

निखिलनं चहाला हात लावला नाही.

"पावणेसहा ते सात, कुठे होता?"

"स्टँडवर. मग असाच फिरलो. जुन्या गल्ल्या."

"कुणी पाहिलं?"

"मला आता इथे कोण ओळखतं?"

"शेवटच्या सामन्यात काय झालं?"

निखिलनं चष्मा काढला. "शेवटचं मिनिट. बरोबरी. भुजंगनं गोल मारला आणि आम्ही नाचायला लागलो. तो मात्र पंचांकडे गेला आणि म्हणाला, बॉल माझ्या हाताला लागला होता. पंचांनी पाहिलं नव्हतं हो! गोल रद्द. पुढच्याच चालीत मंठ्यानं गोल केला. हरलो. भुजंगची सासुरवाडी मंठ्याची, मंठ्याच्या संघात त्याचा सख्खा मेहुणा. पोरं बोंबलली, जावयानं मॅच आंदण दिली. मग विटा सुरू झाल्या. एक मला लागली, मी बेशुद्ध. शुद्धीवर आलो तेव्हा भुजंग मेला होता, आणि सगळे म्हणत होते मंठेवाल्यांनी मारला."

"शिक्षा कुणाला झाली?"

"तिघांना. त्यातला एक रंगनाथ. गोपिकाबाईचा भाऊ." तो चष्मा पुसू लागला. "माहेरच्यांनीच कुंकू पुसलं म्हणून तिनं त्या दिवसापासून मंठ्याचं नाव टाकलं. परवा सरांचा मला फोन आला होता. म्हणाले, शेवटचं प्रकरण वाचल्यावर आपल्या अकराही जणांच्या माना खाली जातील."

सुरुचींनी टेबलाखाली पाहिलं. निखिलनं सवयीनं बूट-मोजे काढून पाय खुर्चीखाली घेतले होते. गोरे, मऊ, ऑफिसातले पाय. दोन्ही धड.

सोमवारी चार वाजता सामन्याऐवजी मैदानावर शोकसभा ठेवली. सुरुचींनीच ठेवायला सांगितली होती. फोटोला हार घालायला क्लबवाल्यांनी रेषेच्या आत यायचं, बाकी गाव बाहेर. निखिल बूट काढून आत गेला. राधाकिसनला शिपायांनी धरून आणलं. त्याला बघून जमाव गुरगुरला, पण पोलिसांची दुसरी गाडी बघून गप्प बसला. गोपिकाबाई सुहासिनीबाईंचा हात धरून फोटोशेजारी उभी होती.

धर्मराज रेषेबाहेर खुर्चीवर बसून होता. पायात तेच पांढरे बूट.

"या ना, कॅप्टन," सुरुची म्हणाल्या. "पहिला हार तुमचा."

"इथूनच नमस्कार करतो. मला शुगर हाय. डॉक्टरनं अनवाणी चालायला मनाई केलीय."

"कधीपासून?"

"झाली दोन वर्षं."

सुरुचींनी मोबाईल वर धरला. "हा शनिवारचा फोटो, तुम्हीच ग्रुपवर टाकलेला. चिखलात अनवाणी उभे आहात. रविवारी सकाळी मात्र बुटासकट आत आलात. बावीस वर्षांत कॅप्टननं कधी असं केलं नव्हतं. काय झालं हो एका रात्रीत?"

"सर मेले व्हते, मॅडम! बूट काढायचं भान कुणाला?"

"निखिलना होतं. हवालदारांना होतं. गोपिकाबाईंना प्रेत दिसायच्या आधीपासून होतं." सुरुची सावकाश त्याच्या दिशेनं निघाल्या. "आणि खुन्यालाही होतं. त्याने पश्चिमेच्या रेषेबाहेर बूट काढले आणि अनवाणी आत आला. बाहेरचा माणूस हे करणार नाही. चौघांपैकी सर मेले. राधाकिसन मैदानात वहाणा काढत नाही, आणि त्याच्या पावलांना जखम नाही. मी दवाखान्यात पाहिलंय."

"जखमेचा काय संबंध?"

"पहिला घाव बसल्यावर सर जाळीत पडले. हातात खुरपं होतं. त्यांनी ते खुन्याच्या डाव्या पायात मारलं. परतीच्या प्रत्येक पावलात त्याचं रक्त आहे. निखिलचे पाय साऱ्या गावाने पाहिलेत. दोन्ही धड आहेत. बूट न काढणारा एकच माणूस राहिला."

सुरुची त्याच्या खुर्चीपुढे येऊन थांबल्या.

"तुम्ही बुटासकट आत आलात ते पाय लपवायला. आणि चाललात बरोबर त्या ठशांवरून, ते पुसायला. एका फेरीत दोन कामं. जाता जाता राधाकिसनचं नाव घेतलंत, म्हणजे चोर सोडून संन्याशाला सुळी देण्याचं काम गावानं परस्पर केलं असतं. साक्षीदारही संपला असता. सरांनी तुम्हाला सहा वाजता बोलावलं होतं ना? गोपिकाबाई सातला येईल, तिला तूच सांग, असं म्हणाले असतील. संधी दिली त्यांनी तुम्हाला."

"काय सांगायचं व्हतं मला?" धर्मराजचा आवाज फाटला.

"ते नंतर. आधी डावा बूट काढा."

धर्मराज उठला. क्षणभर वाटलं, काढतोय. मग त्यानं खुर्ची उचलून सुरुचींच्या तोंडावर फेकली, मंडपाचा लोखंडी गज उपसला आणि रेषा ओलांडून थेट राधाकिसनवर धावून गेला. निखिल मध्ये पडला. गज त्याच्या हातावर बसला, हाड मोडल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. दुसरा घाव राधाकिसनच्या डोक्याच्या दिशेनं वर गेला.

सुरुचींच्या ओठातून रक्त गळत होतं. त्यांनी रखमाजींच्या हातातली काठी ओढली आणि सगळी ताकद लावून धर्मराजच्या डाव्या पावलावर हाणली.

तो गुरासारखा ओरडला आणि कोसळला. तिघा शिपायांनी त्याला दाबून धरलं. रखमाजींनी बूट खेचला. मोजा रक्तानं भिजून पायाला चिकटला होता, आणि खाली करंगळीपासून घोट्यापर्यंत चीर गेलेली होती. टाके न घातलेली, सुजून काळी पडलेली.

"जावयानं मॅच दिली आमची!" धर्मराज मातीत तोंड खुपसून ओरडत होता. "बावीस वर्षं! बावीस वर्षं मी हितं रक्त आटवलं, आन् ह्यो पंचाला जाऊन सांगतो, हाताला लागला! मारलाच मी त्याला. झेंड्याच्या गजानं. मंग काय करू? सर म्हंत्यात, तिच्या तोंडावर सांग!"

कालपासून राधाकिसनला जाळायला निघालेलं गाव आता आपापल्या पायांकडे बघत होतं.

गोपिकाबाई धर्मराजकडे गेलीच नाही. ती राधाकिसनपुढे येऊन उभी राहिली.

"तू पाह्यलंतं?"

राधाकिसन शिपायांच्या हातातून सुटून खाली बसला. "गोलातनं सगळं मैदान दिसतं, वहिनी. मारताना पाह्यलं. मंठेवाल्यांनी मारलं म्हनून त्योच ओरडला, ते बी ऐकलं. रात्री पालावर आला. म्हन्ला, तोंड उघडलं तर लेकरं जित्ती ठिवनार न्हाई. मी भ्यालो. मंग साल गेलं, दोन सालं गेली, मंग बोलायला तोंडच राह्यलं न्हाई. सरांला सांगितलं आन् पुन्यांदा भ्यालो. म्हनून पुस्तक जाळतो म्हन्लो. मारा मला."

तिनं हात उगारला. तो न मारताच खाली आला.

"माझा भाऊ सात वरसं जेलात सडला," ती म्हणाली. "सुटून आल्यावर भाऊबीजेला दारात आल्ता. मी त्याच्या तोंडावर कवाड लावलं. आई गेल्याचा सांगावा आला, तरी मी गेले न्हाई. आपल्या मानसाच्या खुन्याची आई म्हनून."

तिनं राधाकिसनच्या दंडाला धरलं.

"ऊठ. माझ्यासंगं मंठ्याला चाल. जे हितं बोललास ते रंगनाथच्या दारात उभं राहून बोल. मला एकटीला तिथं जायला तोंड न्हाई."

डॉक्टर नको म्हणत होते. राधाकिसन बरगड्या धरून उठला आणि जीपमध्ये जाऊन बसला. सुरुचींनी गाडी स्वतः चालवली.

रंगनाथ मंठ्याच्या बाजारगल्लीत सायकल दुरुस्तीच्या दुकानात बसला होता. पन्नाशीही न ओलांडलेला माणूस, डोकं पार पांढरं. बहिणीला बघून तो उभा राहिला आणि हात पुसत राहिला. राधाकिसननं अडखळत सगळं सांगितलं, मैदान, गज, धमकी, अठ्ठावीस वर्षं. सांगून संपल्यावरही रंगनाथनं त्याच्याकडे पाहिलं नाही.

"अक्का," तो गोपिकाबाईला म्हणाला, "आईला जाऊन अकरा वरसं झाली. मी मारलं न्हाई, हे तिला शेवटपर्यंत म्हाईत व्हतं. तुला एकदा येऊन इचारायचं व्हतं फकस्त."

गोपिकाबाई दुकानाच्या पायरीवर बसली आणि भर बाजारात मोठ्यानं रडू लागली. रंगनाथ तिच्याशेजारी बसला. जीपपाशी उभ्या असलेल्या सुरुचींनी तोंड फिरवलं. त्यांनी दोन खून एका दुपारी उलगडले होते, आणि त्यातून कुणाचं काही परत आलं नव्हतं.